टॅबवर गेम चालतो का टॅब नुसता करवला असतो? पैसे घालायच्या आधी कसं ओळखायचं

माझ्या भाच्याचा दिवाळीत फोन आला, मामा टॅबवर जीटीए फाइव्ह, तो गाड्या पळवायचा जड गेम, चालतो का. मी म्हटलं नाही चालत. तर म्हणे मी स्वतः बघितलाय मित्राच्या टॅबवर, तो गाडी चालवत होता, मी शेजारी बसलो होतो. आता पोरगं खोटं बोलत नव्हतं आणि मीही नव्हतो. झालं असं की मित्राच्या आतल्या खोलीत त्याच्या दादाचा पीसी चालू होता, गेम त्या पीसीवर चालत होता आणि बाहेर सोफ्यावर टॅबवर फक्त चित्र येत होतं. भाच्याने आतली खोली बघितलीच नव्हती.

हा घोळ लय जणांचा होतो कारण "चालतो" हा शब्दच लबाड आहे. दुकानदार म्हणतो चालतो, यूट्यूबवाला म्हणतो चालतो, वर्गातला मित्र म्हणतो चालतो, आणि तिघांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी असतात. मी लग्नाच्या भाषेत सांगतो म्हणजे लगेच कळेल. एक म्हणजे टॅब स्वतः नवरदेव, गेम त्याच्यातच भरलाय, त्याचाच प्रोसेसर राबतोय. दुसरं म्हणजे टॅब करवला, लग्न दुसऱ्याचंच आहे, हा बाजूला नटूनथटून उभा, हातात मॅप, सामानाची यादी असलं काहीतरी धरून. आणि तिसरं म्हणजे लग्नाचं लाईव्ह, हॉल भलतीकडेच आहे आणि तुम्ही घरी बसून स्क्रीनवर बघताय, फक्त इथे घरबसल्या अक्षताही टाकता येतात, म्हणजे बटणं दाबता येतात. तिन्ही आपापल्या जागी भारी आहेत, पण पहिलं समजून तिसऱ्याला पैसे दिले की डोक्याला हात.

ओळखायची सगळ्यात सोपी टेस्ट मला गावाला सापडली. तिथे लाईट जातेच. लाईट गेली की राउटर बंद, पीसी बंद, कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, प्लेस्टेशनसारखं) बंद, टॅब मात्र बॅटरीवर चालू. आता त्या अंधारात टॅबवर जे खेळता येतं ते टॅबचं स्वतःचं. स्टारड्यू व्हॅली चालू राहील, जीटीए सॅन अँड्रियास चालू राहील, माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम, त्यातलं स्वतःचं जग चालू राहील. जे काळं झालं किंवा नुसतं गोल गोल फिरत "कनेक्टिंग" म्हणत बसलं ते करवला किंवा लाईव्ह. बीजीएमआय, म्हणजे अनेकांनी ऑनलाइन लढायचा गोळीबाराचा गेम, असल्यांना नेट लागतंच, पण मोबाईलचा हॉटस्पॉट दिला की तो परत उभा राहतो, म्हणजे गेम टॅबवरच आहे, फक्त बाकीची पब्लिक बाहेर आहे. या टेस्टमधून एकच गोष्ट निसटते, क्लाउड गेमिंग, कारण तिथे गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि तिथली लाईट तुमच्यासाठी जात नाही, हॉटस्पॉट दिला की तेही परत येतं. पण ते टॅबचं नाही हे लक्षात ठेवा, कंपनीने दुकान बंद केलं की सगळं गेलं, गूगलचं स्टेडिया जानेवारी २०२३ मध्ये असंच बंद झालं. दुकानात उभे असाल आणि लाईट जायची वाट बघता येत नसेल तर एअरप्लेन मोड लावा, तेच काम होतं.

आता माइनक्राफ्टवर जरा जास्त बोलतो कारण घरातल्या पोरांचा हट्ट नव्वद टक्के याचाच असतो आणि मी स्वतः यात फसलोय. ताईने लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी टॅब घेतला होता, साधा, वायफायवाला. भाच्याच्या वाढदिवसाला मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून माइनक्राफ्टचा कोड घेतला, कोड आला, पोरगं नाचायला लागलं, आणि टॅबवर टाकायला गेलो तर टाकायला जागाच नाही. तो जावा एडिशनचा कोड होता. जावा एडिशन फक्त विंडोज, मॅक आणि लिनक्सच्या कॉम्प्युटरवर चालते, टॅबवर नाही, टॅब कितीही महागाचा असला तरी नाही. टॅबवर चालते ती बेडरॉक एडिशन, आणि ती प्ले स्टोअरवरून, आयपॅड असेल तर ॲप स्टोअरवरून, वेगळी विकत घ्यावी लागते. पीसीसाठी २०२२ पासून जावा आणि बेडरॉक जोडीने विकतात, त्यामुळे लोकांना वाटतं बेडरॉक मिळाली म्हणजे टॅबवरही मिळाली, तर तसं नाहीये, ती बेडरॉक पीसीचीच. अँड्रॉइडवर एकदा घेतली की त्याच गूगल अकाउंटच्या दुसऱ्या अँड्रॉइडवर परत पैसे लागत नाहीत, एवढी दया आहे. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत, कोड वापरला गेला म्हणे, तो कोड शेवटी माझ्याच लॅपटॉपवर लावला आणि आता वय झाल्यावर मी मेंढ्या पाळतो.

पण बघा, इथे टॅब खराखुरा नवरदेव आहे. टॅबवर जग बनवा, त्याच्या सेटिंगमध्ये मल्टिप्लेअर चालू ठेवा, आणि त्याच वायफायवर दुसऱ्याने फोनवर किंवा विंडोजवर बेडरॉक उघडली की गेममधल्या "फ्रेंड्स" विभागात ते जग दिसतं, टच केलं की आत. म्हणजे जग टॅबवर चालतंय आणि पीसीवाला पाहुणा आहे, उलटं झालं ना. दोघांचं व्हर्जन एकच पाहिजे, एकाने अपडेट केलं आणि दुसऱ्याने नाही की भांडण ठरलेलं. वेगळ्या घरातून खेळायचं तर मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. जावावाल्या मित्रांच्या सर्व्हरवर टॅबवरून जायचं असेल तर सरळ जाता येत नाही, पण सर्व्हर चालवणाऱ्याने गायझर नावाचं प्लगइन टाकलं असेल तर जाता येतं, ते मधे बसून दोघांची भाषा एकमेकांना समजावून सांगतं. हे काम टॅबवाल्याचं नाही, सर्व्हरवाल्याचं, त्यामुळे आधी त्याला विचारा. आणि प्लीज जगाचा बॅकअप घ्या. जगाच्या एडिट स्क्रीनवर खाली एक्सपोर्ट वर्ल्ड आहे, त्याची फाइल ड्राइव्हवर टाकून ठेवा. टॅब स्लो झाला म्हणून कोणीतरी "जरा साफ करून देतो" म्हणून ॲप उडवतं आणि सहा महिन्यांचा किल्ला जातो. आमच्याकडे ते कोणीतरी म्हणजे भाऊजी.

रोब्लॉक्सचंही विचारतात, तर रोब्लॉक्स टॅबवर व्यवस्थित खेळता येतो, पण रोब्लॉक्स स्टुडिओ, ज्याच्यात गेम बनवतात, तो फक्त विंडोज आणि मॅकवर. क्लासवाले "गेम बनवायला शिका" म्हणून पैसे घेणार असतील आणि घरी फक्त टॅब असेल तर पहिल्या दिवशीच अडकाल.

स्टोअरवर काय बघायचं

टॅबवरच प्ले स्टोअर उघडा. फोनवर नको, लॅपटॉपवर नको, टॅबवरच, कारण स्टोअर त्या त्या डिव्हाइसला चालणारंच दाखवतं, फोनवर दिसलेला गेम टॅबवर सर्चमध्येच आला नाही असं खूपदा होतं. मग गेमच्या नावाखाली बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव असतं ते वाचा. जीटीएच्या खाली रॉकस्टार गेम्स किंवा नेटफ्लिक्स नसेल तर तो जीटीए नाही. जीटीए फाइव्ह अँड्रॉइड किंवा आयपॅडसाठी आलेलाच नाही, त्यामुळे "जीटीए फाइव्ह मोबाईल एपीके" नावाने जे काही टेलिग्रामवर फिरतं ते एकतर जाहिरातींचं जाळं नाहीतर व्हायरस. "आधी हा सर्व्हे भरा मग गेम अनलॉक होईल" असं दिसलं की तिथूनच मागे फिरा.

नाव खरं निघालं की वर्णन शेवटपर्यंत वाचा. हे कोणी करत नाही. पहिल्या दोन ओळीत नुसती रंगरंगोटी असते, खरी अट सगळ्यात खाली, की या ॲपसाठी अमुक कन्सोल किंवा पीसीवर गेम असणं गरजेचं आहे. नावात कंपॅनियन, लिंक, रिमोट असलं काही असेल तर नव्याण्णव टक्के करवला किंवा लाईव्ह. साइज बघूनही अंदाज येतो, मोठ्ठा थ्रीडी गेम आणि ॲप शंभर एमबीचं, तर पाणी कुठेतरी मुरतंय. पण साइजवर पूर्ण विसंबू नका, एकतर छोटे गेम खरंच छोटे असतात, आणि दुसरं म्हणजे गेनशिन इम्पॅक्टसारखे गेम आधी थोडंसंच उतरवतात आणि उघडल्यावर ढिगाने जीबी मागतात. तो तसा टॅबवर स्वतःच चालतो, पीसीवरची प्रगती त्याच अकाउंटने टॅबवर येते, पण ३२ जीबीच्या टॅबवर त्याचं नाव काढू नका.

कॉम्प्युटरवरचे काही जड गेम टॅबवर खरंच आलेत. सिव्हिलायझेशन सिक्स आयपॅडवर २०१७ पासून आहे आणि टचवर झकास चालतो, आपापली चाल खेळायची, घाई नाही, चहा होतो मधे. रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज २०२३ मध्ये आयपॅडवर आला, पण एम वन किंवा त्याच्या पुढची चिप असेल तरच, साध्या आयपॅडवर इन्स्टॉलच होत नाही. म्हणून "आयपॅड आहे ना आमच्याकडे" एवढं पुरत नाही, सेटिंगमध्ये जनरल, अबाउट उघडून कोणता आयपॅड ते बघा. विंडोजवाला टॅब असेल तर तो म्हणजे पातळ लॅपटॉपच, पीसीचे हलके गेम चालतील, जड गेमला तो तव्यासारखा तापेल.

साध्या अँड्रॉइड टॅबमध्ये तीन गोष्टी तपासा, रॅम, जागा आणि सेन्सर. रॅम आणि जागा सगळे बघतात, सेन्सर कोणी बघत नाही. स्वस्त टॅबमध्ये बऱ्याचदा जायरोस्कोप, म्हणजे टॅब कसा वळला ते ओळखणारा सेन्सर, नसतो, मग बीजीएमआयमध्ये टॅब हलवून नेम धरायची सवय असलेल्या पोराचा चेहरा उतरतो. वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, त्यामुळे पोकेमॉन गोसारखं रस्त्यावर फिरून खेळायचं असेल तर टॅब विसरा. मेमरी कार्ड टाकून जागा वाढेल अशी आशा ठेवू नका, मोठ्या गेमचा डेटा बहुतेक वेळा आतल्या मेमरीतच बसतो, कार्डावर फोटो न्या आणि आत जागा करा.

पीसी किंवा कन्सोलचा गेम टॅबवर ओढायचा असेल तर

भाच्याच्या मित्राकडे हेच चालू होतं. पीसीवर स्टीम (पीसीचे गेम विकत घेऊन खेळायचं दुकान) असेल तर टॅबवर स्टीम लिंक नावाचं फुकट ॲप टाका, पीसीवर स्टीम उघडं ठेवा, त्याच्या सेटिंगमध्ये रिमोट प्ले चालू करा, दोघं एकाच वायफायवर पाहिजेत. टॅबमध्ये पीसीचं नाव येतं, त्यावर टच केलं की चार आकडे दिसतात, ते पीसीवर टाका, झालं. प्लेस्टेशन असेल तर पीएस रिमोट प्ले ॲप, आणि पीएस फाइव्हमध्ये सेटिंग, सिस्टिम, रिमोट प्ले इथे जाऊन ते चालू करायचं. सोनी स्वतः म्हणते कमीतकमी ५ एमबीपीएस आणि नीट खेळायचं तर १५ एमबीपीएस पाहिजे.

पण स्पीडपेक्षा वायफाय कसं आहे ते महत्त्वाचं. आमच्या बिल्डिंगमध्ये एका मजल्यावर चार घरं आणि चार राउटर, सगळे २.४ गिगाहर्ट्झवर, बटण दाबलं की माणूस अर्ध्या सेकंदाने उडी मारायचा, खड्ड्यात. टॅब राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवाल्या नावाला जोडला आणि पीसीला राउटरपासून साधी लॅनची वायर ओढली, बस, फरक जमीन अस्मानाचा. दोघंही वायफायवर असतील तर एकच डेटा हवेतून दोनदा जातो, म्हणून निदान एकाला तरी वायर. ५ गिगाहर्ट्झ भिंती फार पार करत नाही हेही आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात बसून खेळायचा प्लॅन आमच्याकडे फसला. आणि पीसी झोपला की गेम संपला, पीसीची स्लीप सेटिंग बंद करून ठेवा.

टचवर असले गेम खेळणं म्हणजे हातमोजे घालून वाती वळणं. कंट्रोलर जोडा. पीएस फोरचा असेल तर शेअर आणि पीएस ही दोन बटणं एकदम दाबून धरायची, पुढची लाईट भराभर उघडझाप करायला लागली की टॅबच्या ब्लूटूथच्या यादीत वायरलेस कंट्रोलर म्हणून दिसतो. एक्सबॉक्सचा जुना कंट्रोलर सेकंडहँड घेत असाल तर जपून, सगळ्यात जुन्यांमध्ये ब्लूटूथच नाही, मधल्या गोल बटणाभोवतीचं प्लास्टिक पुढच्या भागाचाच सलग तुकडा असेल तर ब्लूटूथ आहे, ते वरच्या चकचकीत पट्टीचा भाग असेल तर नाही. आणि कंट्रोलर जोडला म्हणजे प्रत्येक गेम ऐकेल असं नाही, माइनक्राफ्ट ऐकतो, बीजीएमआय नाही ऐकत.

करवल्याचं पण ऐका

२०१२ ते २०१५ च्या आसपास कंपन्यांना वेड लागलं होतं की टीव्हीवर गेम आणि मांडीवर टॅब, दोन्ही एकदम. निन्टेंडोने तर २०१२ मध्ये वी यू काढला, ज्याचा कंट्रोलरच टॅबसारखा होता, आणि लोकांना कळेना की हा नवीन कन्सोल आहे का जुन्याला जोडायचा टॅब. जीटीए फाइव्हबरोबर २०१३ ला आयफ्रूट नावाचं ॲप होतं, त्यात गेममधला कुत्रा शिकवायचा आणि गाडी सजवायची, ते आता बंद पडलंय. बॅटलफिल्ड फोरमध्ये टॅबवाला सेनापती व्हायचा, स्वतः बंदूक नाही धरायची, वरून मॅप बघून पोरांना कुठे जा ते सांगायचं, ही आयडिया मला अजूनही लय आवडते. फॉलआउट फोरचं पिप बॉय ॲप असंच, गेममधल्या माणसाच्या मनगटावर जे यंत्र आहे ते तुमच्या टॅबवर, मॅप, औषधं, हत्यारं सगळं, पण गेमच्या सेटिंगमध्ये ते आधी चालू करावं लागतं आणि एकच नेटवर्क पाहिजे, नाहीतर नुसता हिरवा पडदा बघत बसा.

ते वेड ओसरलं कारण साधं आहे, गोळ्या सुटत असताना मान खाली घालून मांडीवर कोण बघणार. आता कंपॅनियन ॲप बहुतेक व्यवहाराची उरलीत, ईए स्पोर्ट्स एफसीचं ॲप घ्या, बसमध्ये बसून खेळाडूंची खरेदी विक्री करता येते, मॅच खेळता येत नाही, आणि आधी कन्सोल किंवा पीसीवर टीम बनवलेली पाहिजे. तरीपण माझा टॅब सगळ्यात जास्त करवलाच असतो, कुठलंही ॲप नाही, ब्राउझरमध्ये एल्डन रिंगचा मॅप उघडून पीसीच्या शेजारी उभा करून ठेवतो. जुना, अर्धमेला टॅब असेल तर त्याला हे काम द्या, विकायला गेलात तर वडापावचे पैसे येतील.

पाहुणे आले की जॅकबॉक्सचे गेम काढा, एकाने विकत घेतलेला गेम टीव्हीवर लावायचा, बाकीच्यांनी आपापल्या टॅब मोबाईलच्या ब्राउझरमध्ये जाऊन स्क्रीनवर दिसणारी चार अक्षरं टाकायची, काहीच इन्स्टॉल करायला नको. फक्त मराठीत नाही, त्यामुळे काकू दहा मिनिटांत कंटाळतात.

एक गंमत, ओसू नावाचा तालावर खेळायचा गेम आहे पीसीवर, २००७ पासूनचा, त्याची पोरं "टॅबलेट" म्हणतात तेव्हा त्यांना चित्र काढायची पाटी म्हणायचं असतं, पेनवाली, जी पीसीला वायरने जोडतात. त्यात स्क्रीनपण नसते बऱ्याचदा. ऑनलाइन "गेमिंगसाठी टॅबलेट" स्वस्तात दिसला तर आधी फोटो नीट बघा, ती पाटी एकटी काहीच चालवत नाही.

आणि एक गेम आहे जो दोन्हीकडून चालतो, कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स. एकाच्या हातात बॉम्ब, तो एकट्यालाच दिसतो, बाकीच्यांच्या हातात बॉम्ब निकामी करायचं मॅन्युअल, त्यांना बॉम्ब दिसत नाही, आणि वरती घड्याळ उलटं पळतंय. मॅन्युअल फुकट पीडीएफ आहे. पीसीवर गेम लावला तर टॅबवर मॅन्युअल उघडा, टॅब करवला. पण गेम टॅबवरही मिळतो, मग टॅब नवरदेव आणि मॅन्युअल कोणाच्यातरी फोनवर. गावाला लाईट गेली तेव्हा आम्ही हेच केलं. बॉम्ब भाच्याकडे, तो गादीवर भिंतीकडे तोंड करून बसलेला, मॅन्युअल ताईच्या फोनवर, आधीच डाउनलोड केलेलं म्हणून बरं, ती इंग्रजीत वाचून मराठीत ओरडत होती. "वायरी किती?" "तीन!" "लाल आहे का एकतरी?" "नाही, लाल नाही!" "मग दुसरी काप!" "वरून दुसरी का खालून?" तीन वायरींमध्ये दुसरी म्हणजे मधलीच, वरून मोजा का खालून, पण दोघंही त्यावर भांडत बसले आणि बॉम्ब फुटला. भाऊजी म्हणाले, आता टॅब बंद करा, चार्जिंग संपेल.